माझा पाय कुठे होता

त्या नोकरीत मला दोनदा मार पडला, आणि दोन्ही वेळा चूक गाडीची होती. तिसऱ्यांदा पडला तेव्हाही मी हेच ओरडत होतो.

काम ऐकायला मोठं सोपं. हाटकेश भागात एका गाळ्यात लहानशी कंपनी होती. ते लोक गाडीला पुढेमागे कॅमेरे आणि रडार बसवायचे. मग ती गाडी स्वतःच पुढच्या गाडीपासून अंतर राखायची, समोर कोणी आलं की स्वतःच ब्रेक मारायची. हे सगळं रोजच्या ट्रॅफिकमध्ये चालतं का, ते बघायला एक ड्रायव्हर हवा होता. तो मी. शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन एक इंजिनिअर मुलगी बसायची. पुण्याची, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, मला दादा म्हणायची. मी तिला मॅडम म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "दादा, तुमचं काम म्हणजे काही न करणं. अगदीच गरज पडली तरच हात-पाय हलवायचे."

घरी हे सांगितल्यावर बायको पोट धरून हसली. काही न करणं मला जन्मात जमलेलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

आम्ही नवघरच्या जुन्या गावातले. माझा हात लहानपणापासून पुढे. शाळेत मारामारी, लग्नात मारामारी, गणपतीच्या मिरवणुकीत तर ठरलेलीच. पाच वर्षांपूर्वी गल्लीत मोटरसायकल लावण्यावरून शेजाऱ्याशी जुंपली आणि मी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही, चारदा. चौथ्या वेळी त्याच्या कानातून रक्त आलं आणि माझी सहा वर्षांची मुलगी दारात उभी राहून बघत होती. त्याला त्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, ती तीन महिन्यांनी आली. येताना एक अट घेऊन आली. "परत कोनावर हात उचललास, तं मी जाईन ती येनार न्हाय." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की ती माझे दोन्ही हात हातात घ्यायची आणि बोटांचे सांधे बघायची. सोललेत का, सुजलेत का. बघून झालं की चहा. पाच वर्षं रोज. मला त्याचा राग यायचा आणि दिवसभर त्याचीच वाटही असायची.

अशा माणसाने काही न करण्याची नोकरी धरली.

पहिला मार काशीमिऱ्याला. मेट्रोच्या पुलाची सावली रस्त्यावर आडवी पडली होती. आमच्या गाडीला ती भिंत वाटली. भर रस्त्यात करकचून ब्रेक. मागचा टेम्पो आमच्या डिकीत. टेम्पोवाल्याने मला कॉलर धरून बाहेर ओढलं. "ब्रेक क्यों मारा बे?" मी खरं ते सांगितलं, "मैंने नहीं मारा, गाडी ने मारा." तोपर्यंत तो एका हाताने मारत होता, हे ऐकल्यावर त्याने दुसराही लावला. मी दोन्ही हात पाठीमागे धरून मार खाल्ला. त्या संध्याकाळी बायकोने सांधे बघितले आणि चहात आलं जास्त घातलं.

दुसरा मार गोल्डन नेस्टच्या चौकात. पुढच्या रिक्षाच्या पाठीवर कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा फोटो होता, हात जोडून हसणारा, चांगला माणसाएवढा. गाडीने त्याला रस्त्यातला माणूस समजून जागीच पाय रोवले. मागून एक मोटरसायकलवाला आमच्या मागच्या काचेवर आदळला. त्याच्या मागे त्याचे तिघे दोस्त. त्यांनी हेल्मेट काढली, ती डोक्यात घालायला नाही, माझ्या डोक्यात हाणायला. एक दात तिथेच पडला. मॅडम रस्त्यावर उतरून रडत ओरडत होत्या, "अरे मशीन आहे, मशीन आहे!" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

मग आम्ही दोघांनी मिळून एक युक्ती काढली. कंपनीच्या कागदात ती नव्हती. गाडीने उगाचच ब्रेक धरला की मी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. दाबला की गाडी आपला ब्रेक सोडून द्यायची. "ती माणसाचं ऐकते," मॅडमनी समजावलं. "तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिला वाटतं, याला माझ्यापेक्षा जास्त कळतंय." आम्ही त्याला दम देणं म्हणायचो. गाडीने ब्रेक धरला की मी बघायचो, समोर खरंच काही आहे का? नसलं की दिला दम, आणि मॅडम लॅपटॉपवर खोटा ब्रेक म्हणून खूण करायच्या. पुढच्या दोन महिन्यांत मागून कोणी ठोकलं नाही. दिवसातून तीस-चाळीस वेळा दम द्यायचो. नंतर नंतर तर बघणं आणि दाबणं एकाच वेळी व्हायला लागलं.

तिसऱ्या माराचा दिवस मुर्धा गावाच्या रस्त्याचा. अरुंद रस्ता, एका बाजूला जुनी मिठागरं, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींभोवतीचे पत्रे. सकाळचे अकरा वाजले असतील. एक स्कूटरवाला डावीकडून घुसून आमच्या पुढ्यात आला. गाडीने ब्रेक मारला आणि तो बरोबर मारला. मी हॉर्न दिला. जरा लांबलचक दिला, कबूल आहे.

त्याने स्कूटर आडवी लावली. माझ्याच वयाचा, तिथल्याच गावातला. हेल्मेट पायाशी ठेवलेलं, ते उचलून चालत आला आणि एका फटक्यात माझा आरसा तोडला. मी बोलायला काच खाली केली. "डोला फुटला काय तुजा?" तो म्हणाला, आणि खिडकीतून हात घालून खाडकन माझ्या थोबाडीत मारली. मी काही बोलायच्या आत दुसरी. मग माझ्या आईवरून शिवी. माझी आई त्याच वर्षी गेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हात असे शिवशिवले, की मी स्टिअरिंग दोन्ही मुठींनी आवळून धरलं. डोळ्यांसमोर बायको माहेरच्या दारात उभी दिसत होती. मॅडम हळूच म्हणाल्या, "दादा, जाऊ द्या. प्लीज." मी जाऊ दिलं. तो खाली थुंकला, स्कूटरवर बसला आणि निघाला. मीही निघालो. रस्ता एकच होता, तो पुढे आणि आम्ही मागे. गाडी आपलं अंतर राखून शहाण्यासारखी त्याच्या मागे चालली होती.

वळणावर समोरून पाण्याचा टँकर आला. स्कूटरवाला कडेच्या दगडी कठड्याला लागून थांबला आणि पाय टेकले. मान वळवून माझ्याकडे बघितलं. गाडीने ब्रेक धरला. आणि मी दम दिला.

आवाज फार मोठा झाला नाही. स्कूटर कठड्यावर दाबली गेली आणि त्याचा डावा पाय दोहोंच्या मध्ये सापडला. आधी पत्रा वाजला, मग दुसरं काहीतरी वाजलं. तो ओरडलाच नाही आधी. खाली बघत राहिला. गुडघ्याखालचा पाय भलत्याच बाजूला वळला होता आणि पँट फाडून हाड बाहेर आलं होतं, पांढरं स्वच्छ. मग तो ओरडला. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मी बऱ्याच लोकांना ओरडायला लावलेलं आहे.

पाच मिनिटांत अर्धा गाव जमला. मला बाहेर ओढलं, खाली पाडलं. बांबूने मारलं, चपलांनी मारलं, एका मासळीवालीने बर्फाच्या लादीचा तुकडा पाठीत घातला. दोन बरगड्या मोडल्या. मी डोकं हातांत धरून एकच ओरडत होतो, "गाडीने मारली! मी न्हाय, गाडीने मारली!" आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. हे मी शपथेवर सांगतो. पोलीस स्टेशनलाही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "मग गाडीला आत टाकू का?" पण लिहून घेतलं.

घरी आणलं तेव्हा मला उभं राहवत नव्हतं. बायकोने आधी माझे हात घेतले. सांधे बघितले. एकही सोललेला नव्हता. ती रडायला लागली. "येवडा मार खाल्लास," ती म्हणाली, "तरी हात न्हाय उचललास." दुसऱ्या दिवशी तिने हे सगळ्या गल्लीला सांगितलं. बहिऱ्या कानाच्या शेजाऱ्यालासुद्धा.

चार दिवसांनी मॅडमनी गाळ्यावर बोलावलं. लॅपटॉपवर दोन रेषा दाखवल्या. निळी ब्रेकची, लाल अ‍ॅक्सिलरेटरची. गाडीने वेळेवर ब्रेक धरला होता. आणखी हातभर अंतर ठेवून ती थांबली असती. मग लाल रेषा सरळ वर गेली होती.

"माझा पाय ब्रेकवर होता," मी म्हणालो.

गाडीत एक कॅमेरा ड्रायव्हरच्या तोंडाकडे रोखलेला असायचा, झोप लागते का ते बघायला. त्याचं चित्रण मॅडमनी लावलं. मी दिसलो. गाल लाल, मुठी आवळलेल्या. टँकर येतो. तो माणूस मान वळवतो, ते माझ्या डोळ्यांवरून कळतं. मी समोर बघतोय, चांगला टक लावून. आणि मी हसतो. ओठ दाबून, थोडंसंच, जेवण छान झाल्यावर माणूस हसतो तसं. मग गाडीला धक्का बसतो.

मॅडमनी लॅपटॉप पटकन मिटला. "दादा, इतके दिवस दम देऊन तुम्हाला ती सवय लागली होती. चूक आपल्या दोघांची आहे, मी तसं रिपोर्टात लिहिणार आहे." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सवयीनेच दाबला ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं. रिक्षाने घरी जाईपर्यंत वाटत होतं. सवय होतीच की मला. दिवसाला चाळीस वेळा. कोण म्हणेल नव्हती म्हणून?

घरात शिरलो. बायकोने हात घेतले, सांधे बघितले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझे हात आपल्या कपाळाला लावले. ते मला सहन झालं नाही. मी हात ओढून घेतले. लाज वाटली, इतकी की खाली बसलो. म्हटलं, "हात न्हाय उचलला मी. पाय दाबला. बघून दाबला. हसून दाबला."

तिने मुलीला आत पाठवलं. ती निघून जाईल म्हणून मी दाराकडे बघत बसलो होतो. मग ती म्हणाली, "मला काय सांगतोस? ज्याचा पाय मोडला, त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी आधी मॅडमना सांगितलं, मग पोलीस स्टेशनला जाऊन जबाब बदलला. नोकरी गेली, केस उभी राहिली. ती अजून चालू आहे. स्कूटरवाला हॉस्पिटलातून घरी आल्याचं कळलं तसा मी मुर्ध्याला गेलो.

त्याच्या आईने दार उघडलं. मला ओळखलं नाही तिने. तो खाटेवर होता, पायाला लोखंडी सळ्यांचा पिंजरा, सळ्या कातडीतून आत गेलेल्या. त्याने मात्र ओळखलं. बाजूला पाण्याचा तांब्या होता.

मी दारातच उभा राहून बोललो. "गाडी थांबत होती. मी थांबू दिली न्हाय. मुद्दाम मारली तुला."

त्याने तांब्या उचलला आणि सगळा जोर लावून फेकला. तो माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. त्याची आई किंचाळली. मला समोरचं लाल दिसत होतं, आणि त्या लालात तो खाटेवर बसलेला, उठता न येणारा.

माझे हात खाली होते. दोन्ही. उघडे. मला वाटलं, जमलं. मग मी खाली बघितलं. माझी उजवी टाच उचललेली होती आणि चवडा त्यांच्या लादीवर जीव खाऊन दाबला गेला होता.