बाबांचा अर्ज

जठारपेठेतलं आमचं घर विकलं, त्या दिवशी निघताना बाबांनी सवयीनं दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी सदऱ्याच्या खिशात टाकली. घर घेतलेले गृहस्थ बाजूलाच उभे होते. ते संकोचून म्हणाले, "काका, चावी..."

बाबा ओशाळले. "हाव बापा, इसरलोच," म्हणत त्यांनी ती देऊन टाकली आणि ऑटोत जाऊन बसले. अकोला स्टेशन येईपर्यंत रिकामा खिसा चाचपत राहिले.

अकरा वर्षांपूर्वी ह्याच स्टेशनावरून मी निघाले होते. अमरावतीला लॅब टेक्निशियनचं शिकले आणि कॅनडात एका हॉस्पिटलात नोकरी लागली. आई प्लॅटफॉर्मवर रडत होती. बाबा ताठ उभे. "जाय माय," ते मला म्हणाले, "आता तिकडचीच होय. मांगं पायत राहू नको." मी ते फारच मनापासून ऐकलं. दरवर्षी येईन म्हणत तीन-तीन वर्षांनी आले. आई गेली तेव्हा पोचले, ती राख सावडून झाल्यावर.

मग एकटे राहणारे बाबा न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंनी दार तोडायला लावलं म्हणून वाचले. मी एकुलती एक, लग्न न केलेली. दुसरं काय करणार होते? घर विकून त्यांना इकडे कॅनडात आणलं.

बाबा अकोटच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. चाळीस वर्षं रोज सकाळच्या एसटीनं अकोल्याहून जायचे. वारसाची नोंद, सातबाऱ्यावरचं नाव, बांधावरचं भांडण. माणूस आधी रडायचा, मग चिडायचा, मग शेजाऱ्याला शिव्या द्यायचा. बाबा सगळं ऐकून घेत आणि दोन परिच्छेदांत मांडून देत. असा माणूस मी आठव्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये आणून बसवला.

सुरुवातीला ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला "रामराम" म्हणायचे. लोक हसून फोनमध्ये डोकं घालायचे. पहिला हिवाळा संपेपर्यंत बाबांचं रामराम बंद झालं. मी शिफ्ट संपवून आले की ते इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसलेले असायचे. "सांग, आज काय झालं?" मी दमलेली असायचे. "काही नाही," म्हणून जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला लागायचे.

एका रविवारी माझ्या चहाच्या कपाशेजारी त्यांनी एक कागद ठेवला. समास दुमडलेला, अक्षर तेच कचेरीतलं. विषय, स्वगृही परत पाठविण्याबाबत. "अर्जदार हा वयोवृद्ध इसम असून त्याची येथे कोणतीही गैरसोय नाही. अन्न, औषध व ऊब वेळेवर मिळते. परंतु त्याच्याशी बोलणारे कोणी नाही. करिता विनंती की, अर्जदारास अकोल्यास परत पाठवावे." खाली सही.

मी हसले. ते हसले नाहीत.

"बाबा, घर कुठं आहे आता?"

"तिवस्याले गणेशकडे ठेव. नाई तं अमरावतीच्या वृद्धाश्रमात. तिथं चार बुढे तं असतीन बोलाले."

गणेश माझा चुलतभाऊ. त्याला फोन केला. तो खरं तेच बोलला. "पाठव ना ताई. पण आमी दोघंबी दिवसभर बाहीर. त्याईले पायाले कोण?"

मी बाबांना म्हटलं, दिवाळीनंतर पाहू. वृद्धाश्रमात ठेवलं तर लोक काय म्हणतील, ही भीती होतीच. पण खरं कारण वेगळं होतं. ह्या शहरात मला 'माय' म्हणून हाक मारणारे ते एकटेच होते. ते गेले असते तर मी पुन्हा रिकाम्या घरात चप्पल काढली असती. हे त्यांना सांगितलं नाही.

दिवाळी गेली. मार्चमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. इतका लांबचा विमानप्रवास आता कधीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे नामंजूर," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जायचा विषय काढला नाही. मीही नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. एकाएकी त्यांनी विचारलं, "खरं सांग माय. तुले तरी इथं करमते का?"

"हो बाबा," मी म्हटलं. "करमतं."

त्यांनी मला निरखून पाहिलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग बरं हाये," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

गावाकडची तुम्ही माणसं फोनवर विचारता, कधी येता? काय उत्तर देऊ? आमचं दार आता दुसऱ्याचं आहे, आणि आम्ही इथे आहोत ते एकमेकांना सोडता येत नाही म्हणून. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांनी आईवडलांना सोबत नेलं की घरच सोबत नेलं असं समजू नये. मी तसंच समजले होते.

मले इथं करमत नाही. ज्या भाषेत हे म्हणायचं, ती समजणारं ह्या शहरात माझं एकच माणूस आहे. त्यालाच ते सांगता येत नाही.