हिमोग्लोबिन पास, पाय नापास

"व्हिटॅमिन बी-ट्वेल्व जवळजवळ नाहीच," सदाशिव पेठेतले नसांचे डॉक्टर रिपोर्ट वाचत म्हणाले. "पेरिफेरल न्यूरोपॅथी." म्हणजे हातापायांच्या नसांना झालेली इजा. मला हसूच आलं! म्हटलं, "रिपोर्ट बदलला असेल. मी तर चार वर्षं अगदी सायंटिफिक जेवतेय."

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर. ऑफिसात एका आहारतज्ज्ञांचं भाषण झालं होतं. दूध-अंडीसुद्धा बंद करा, भाज्यांतून सगळं मिळतं, विज्ञानाने सिद्ध झालंय! मी भारावलेच. येरवड्याला आमच्या घरी रविवारी मटण शिजायचं, तेव्हा मी आईलाच लेक्चर द्यायचे.

मग पायांना मुंग्या यायला लागल्या. पुढे चप्पल निसटली तरी कळेना. एकदा जिन्यात पडले. घाबरून हिमोग्लोबिन तपासलं, ते उत्तम आलं. झालं, आहार पास!

"गोळ्या कुठल्या घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"फॉलिक ॲसिड. ऑफिसातल्या आमच्या डाएट ग्रुपमध्ये सगळेच घेतात."

"त्याने बी-ट्वेल्वची उणीव रक्तात झाकली जाते. म्हणून रक्त ठीक दिसलं आणि नसा बिघडत राहिल्या. अहो, ऑफिसात एकच टेस्ट करून सॉफ्टवेअर पास करता का आपण?"

अशी लाज वाटली म्हणून सांगू! शेजारून आई म्हणाली, "आमचं कालवण तेवढं अनसायंटिफिक."

"भाज्यांना नावं ठेवू नका," डॉक्टर म्हणाले. "त्या चांगल्याच. पण बी-ट्वेल्व त्यांतून मिळत नाही, वेगळं घ्यावं लागतं. भाषणात सांगितलं होतं?"

नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

"पाय पूर्वीसारखे होतील ना?"

"इंजेक्शनं सुरू करू. शब्द देत नाही."

इंजेक्शनच्या रांगेत बसून मी आहारावरचं संशोधन वाचायचा सपाटा लावला. काय मजा यायची! हे कुणावर तपासलं? किती दिवस? ती माणसं वेगळ्या गोळ्या घेत होती का? पुढच्या भाषणाला काठी टेकत उभी राहिले आणि तिन्ही प्रश्न विचारले. वक्ते घड्याळ बघायला लागले.

तुम्हाला फक्त वनस्पतीच खायच्या असतील तर खुशाल खा. पण बी-ट्वेल्वची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मुंग्या आल्या तर माझ्यासारख्या हुशाऱ्या करू नका.

इंजेक्शनांच्या चौथ्या महिन्यात आईने गच्चीवर कुरडया घातल्या. मी अनवाणीच मदतीला गेले आणि किंचाळले, "आई गं, भाजलं!"

दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आई रडायला लागली. आणि मी सावलीत जायचं सोडून चटके घेत तिथेच उभी राहिले.