मिस्तरीचाचाचे कान

शेलूबाजारात आमच्या शेठच्या तेज मोटरले टाकीतलं पेट्रोल इंजिनाच्या कार्बोरेटरात ओढणारा बिजलीचा पंप बसवाचा होता. मी ड्रायव्हर, अन् नकलांत पटाईत. म्हातारे मिस्तरीचाचा पंप कानानं निवडत. कार्बोरेटर भरला की चांगल्या पंपाची टिकटिक थांबते.

पहिला पंप बरोबर थांबला, पण मी मागून तोंडानं टिकटिक चालूच ठेवली. मले हसू येऊन राह्यलं होतं. कार्बोरेटर भरतच नाही समजून चाचानं तो बाद केला अन् दुसरा, जास्त जोराचा बसवला. रस्त्याचे धक्के बसले तसं कार्बोरेटरातून पेट्रोल सांडाले लागलं.

शेठ भर बाजारात वरडले, "चाचा, कान गेले तुमचे!"

"गेले असन, शेठ," चाचा कान चोळत बोलले. मंग मले म्हणे, "बेटा, आतापासून तूच ऐकत जाय."

मी नुसती मान हलवली.