कोंबडीवाली बाय

माझ्या पदवीमागे सर्वांत मोठा हात आशागडच्या एका बाईचा आहे. तिचं नाव मला माहीत नाही.

कापणीच्या सणाला आमच्या तलासरीच्या चर्चमध्ये अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. त्या वर्षीची रक्कम माझ्या कॉलेजच्या फीसाठी होती. तिने आपली कोंबडी अर्पण केली, आणि सगळ्यांवर चढी बोली लावून तीच परत घेतली.

पाळक म्हणाले, "बाय, मग थेट पैसेच द्यायचे होते."

"थेट दिले असते तर कमी दिले असते," कोंबडीच्या पायाची दोरी घट्ट करत ती म्हणाली.

फी भरली गेली. पदवी मिळाल्यावर मी पाळकांच्या हाती पत्र पाठवलं:

"कोंबडीवाल्या बायस सलाम. मी पास झालो. यंदाही कोंबडी आणा. ती नसेल तर दुसरी. बोली मी लावीन, कोंबडी तुम्हीच न्या."