सहादेव मास्तरांची रांग

सहादेव मास्तर पलटणीतून परतले ते झुबकेदार मिशा घेऊन आणि डाव्या पायाची दोन बोटं हिमालयाच्या बर्फात ठेवून. शिकलेले होते, म्हणून तिसगावच्या पलीकडं त्यांच्याच गावात शाळेवर नेमणूक झाली. मग काय विचारता! पोरांची नखं, कान, टोप्या, सगळ्यांची रोज तपासणी. हजेरीला पोरं अशी ओरडायची की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायची. शाळा सुटली की मास्तर गावाच्या मागं लागायचे. नाला साफ करा, उकिरडे लांब न्या, देवीची लस टोचून घ्या. गाव वैतागायचं आणि अडलं की त्यांच्याच दारात यायचं.

बहात्तरच्या दुष्काळात गाव फारच अडलं. आड आटला, पाण्याचा टँकर सुरू झाला. तो आला की आधी सरपंच भाऊसाहेबांचं घर, मग वरची आळी, मग खालची आणि सगळ्यांच्या शेवटी मास्तरांचा बौद्धवाडा. तोवर टाकीच्या तळाचं गंजकं पाणी उरायचं. मास्तरांची आई, बनुबाई, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून ते गाळून घ्यायची. मास्तर बघायचे आणि आतल्या आत जळायचे. आईनं एकदा तरी रांगेत पुढं उभं राहून नितळ पाणी भरावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण भांडायला जावं, तर तळाचं पाणीही बंद व्हायची भीती.

अशात वरच्या आणि खालच्या आळीची टँकरपाशीच जुंपली. हंडे चेपले, डोकी फुटली. पुढच्या खेपेला टँकरबरोबर तालुक्याचे साहेबच आले. त्यांच्यापुढं सरपंचांनी घाईघाईनं मास्तरांना पुढं केलं.

"मास्तर, तुमी मिलिट्रीतले. लावा की शिस्त!"

"मी लावीन ती चालंल?"

"अख्ख्या गावाला चालंल!"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. "मग पलटणीसारखी उंचीपरमानं रांग. पोरं धरायची न्हाईत. बुटकी मानसं पुढं, उंच मागं. मानशी एक हंडा."

सरपंचांचा चेहरा खुलला. त्यांची आई चांगुणाबाई म्हणजे गावातली सगळ्यांत बुटकी बाई, असं जो तो म्हणायचा. पहिला नंबर घरातच राहणार होता. "झ्याक!" ते म्हणाले. बनुबाईकडं कुणी कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती कायम शेवटी, सगळ्यांच्या आड.

रांग लागू लागली तशी कुजबुज सुरू झाली. पण साहेबांसमोर कारण बोलून दाखवायची कुणाची छाती होईना. मग ज्यानं त्यानं आपली अक्कल चालवली. बाया पोक काढून आल्या, एका गड्यानं फेटाच उतरवला. "मान वर!" म्हणत मास्तर एकेकाला मागं सारत गेले. शेवटी अगदी पुढं दोघी म्हाताऱ्या उरल्या.

"मी बुटकी!" चांगुणाबाईंनी ठणकावलं.

"आसं तोंडानं न्हाई चालत," मास्तर म्हणाले. "पाठीला पाठ लावून मापायचं."

"सादू, मार खाशील," बनुबाई पुटपुटली.

"आये, सावधान!"

पहिला नंबर जातोय म्हटल्यावर चांगुणाबाईंनी मागचापुढचा विचार न करता बनुबाईच्या पाठीला पाठ टेकवली आणि हळूच गुडघे वाकवले. बनुबाई मास्तरांचीच आई. तिनंही वाकवले. ही थोडी खाली, ती आणखी खाली, असं करता करता दोघी धपकन मातीत बसल्या. गाव खदाखदा हसलं, साहेबही हसले.

मग एकाएकी सगळ्यांच्या ध्यानात आलं. बनुबाईच्या भांड्यात ताकसुद्धा वरून ओतणारी चांगुणाबाई तिच्याच पाठीला टेकून बसली होती. ते तिच्याही ध्यानात आलं. तिनं आपल्या लेकाकडं, सरपंचांकडं पाहिलं. लेक साहेबांकडं बघत होता.

"त्येच्याकडं काय बघतुयास?" ती खेकसली. "बने, हात दे. गुडघं धरलं माजं."

बनुबाई आधी घाबरली, मग उठली आणि तिनं हात दिला. तो धरून चांगुणाबाई उभी राहिली आणि जवळून बनुबाईला न्याहाळत म्हणाली, "माज्यापरीस दोन बोटं कमीच हाय की गं तू. भर आदी."

बनुबाईनं हंडा नळीखाली धरला. सवयीनं त्यावर फडकं बांधलेलंच होतं.

"आये, फडकं काढ," मास्तर म्हणाले. फडकं काढलं आणि हंड्यात स्वच्छ पाणी पडू लागलं. तो तुडुंब भरेपर्यंत मास्तरांना दुसरं काही दिसत नव्हतं.

रांग सरकत सरकत संपत आली. शेवटी गावातले दोन ताडमाड गडी उरले, सरपंच आणि मास्तर. नळीतून तांबूस, गढूळ धार येऊ लागली. सरपंच हंडा धरून तिच्याकडं बघतच राहिले.

मास्तरांनी आईचं फडकं झटकून त्यांच्यापुढं धरलं. "गाळून घ्या, सरपंच. आमाला सवय हाय."