गावसबाब आणि एक वाजताचं इंटरनेट

तुयेच्या आमच्या कारखान्यात गावसबाब इंटरनेटचं काम बघायचे. बांद्याहून रोज बसने यायचे. पॅकिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे आम्हा बायकांचे फोन कंपनीच्या वायफायवरच चालायचे. साहेबांनी सांगितलं, कामाच्या वेळेत नेट बंद. गावसबाबांनी तसं लावून टाकलं: फक्त एक ते दीड चालू. पहिल्याच दिवशी साहेबांच्या स्वतःच्या फोनवरचं नेटही बंद पडलं. ते तणतणत आले, तर हे शांतपणे म्हणाले, "घड्याळाक सायब वळखाक येत नाय." साहेबांना हसावंच लागलं.

कोणी पाच मिनिटं नेट मागितलं की हेच उत्तर. मीही मागून पाहिलं होतं. माणूस सरळ, कुणाला झुकतं माप नाही, म्हणून आम्ही मानायचो त्यांना.

माझ्या शेजारच्या टेबलावर मुळगावची सुनंदा बसायची. एका मंगळवारी एक वाजला, सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले आणि तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. भावाचा मेसेज होता, "बाबा सीरियस, लगेच ये." पाठवलेला पावणेदहाला. कंपनीचा नंबर भावाकडे नव्हता. त्याखाली साडेअकराचा दुसरा मेसेज. तो तिने वाचला नाही, मी वाचला. वडील गेले होते.

वडिलांच्या बाराव्यानंतर ती कामावर आली, तेव्हा गावसबाब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. साहेबांचं नाव पुढे करता आलं असतं. त्यांनी केलं नाही.

"बाय, नियम सायबान सांगलो, पण लायलो माझ्या हातान. मेसेज उघडे ठेवन नुसते व्हिडिओ बंद करूक येत होते. माका ठावक होता. कोणी विचारूक नाय म्हणान मी गप रवलंय."

"मग तेव्हा कित्याक बोललात नाय?" सुनंदाने विचारलं.

ती खोके चिकटवत राहिली.

त्याच दुपारी गावसबाबांनी मेसेज दिवसभरासाठी खुले केले आणि सही करून तसा कागद फळ्यावर लावला. साहेबांनी बोलावून विचारलं, "कुणाला विचारून?" गावसबाब म्हणाले, "आता विचारतंय." कागद फळ्यावरच राहिला. दारातल्या चौकीवरच्या कंपनीच्या फोनचा नंबर सगळ्यांच्या घरी कळवायचं कामही मग गावसबाबांनीच अंगावर घेतलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी सुनंदा निरोपाला आली नाही. त्यांनीही तिची चौकशी केली नाही.

यंदा माझी लेक धारगळला शाळेत चक्कर येऊन पडली. सव्वादहाला बाईंचा मेसेज आला आणि मी वेळेत पोचले. दवाखान्यात लेक शुद्धीवर आली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. संध्याकाळी मी गावसबाबांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल.

ते म्हणाले, "पोरीक जप. आणि सुनंदाक ह्यातला काय सांगू नको."

मी सांगितलं नाही.