विलायतेच्या हंड्यांची उतरंड

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐका. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. आमची ही सांगायला बसली की तिखटमीठ लावते.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी जळगावात नळखात्यात ओव्हरसिअर होतो. घरोघरी नळ नुकतेच येत होते, त्यामुळे गल्लीत माझा तोरा काय विचारता? मला बघून बायका पदर सावरायच्या नाहीत, हंडा सावरायच्या.

तेव्हाच माझं लग्न जुळत होतं. मुलगी शिंदखेड्याची. ती मला इतकी आवडली, की पोहे संपले तरी मी रिकामी बशी खरवडत बसलो होतो. तिच्या वडिलांची, नानांची, अट एकच. पोरीने लहानपणापासून लांबच्या विहिरीवरून पाणी वाहिलं, आता ती नळाच्या घरात पडली पाहिजे. "रविवारी येतो, नळ बघतो, मग सुपारी फोडू," म्हणाले. म्हणजे मुलगा बघायचा नाही, नळ बघायचा. म्हटलं, बघा की.

त्यात ऐन उन्हाळा. मेहरूणचं तळं खाली गेलेलं. साहेब म्हणाले, "तुमच्या गल्लीत जरा गोडीगुलाबीने सांगा, पाणी जपून वापरा म्हणावं."

एवढंच सांगायचं होतं हो. पण मी पडलो शिकलेला! विलायतेत माणशी किती पाणी लागतं आणि आपल्याकडे किती, हे कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. ते दाखवायला केळीवाल्या आबांकडून लग्नकार्याचे हंडे मागून आणले. देवळाच्या ओट्यावर एका बाजूला उतरंड रचली, ती विलायत. दुसऱ्या बाजूला पोचा पडलेला एकच हंडा, ते आपण.

जमलेली गल्ली हंडे मोजत बसली. मला वाटलं, पटलं. तेवढ्यात आबा उठले.

"म्हणजे गोऱ्याला एवढं, आणि आमच्या माणसाला एक हंडा? राज्य गेलं तरी पाणी त्याचंच का?"

आता मी काय सांगायला हवं होतं? की बाबांनो, तिकडे बारा महिने पाऊस, इकडे तळं आटतंय. पण टाळ्यांची चटक वाईट. मी छाती काढून म्हणालो, "आबा, आता आपलं राज्य आहे. आपणही त्यांच्या बरोबरीला येऊ."

टाळ्या अशा पडल्या की देवळावरची कबुतरं उडाली. जपून वापरा, हे सांगायचं राहूनच गेलं.

गल्लीने बरोबरी मनावर घेतली. आबांचे बैल नळाखाली न्हाऊ लागले. शेजारचे करीमचाचा शिंपी, त्यांच्या बकऱ्यांना रोज आंघोळ. समोरच्या अक्का कालचं पाणी शिळं म्हणून रोज सकाळी ओतायच्याच. आता संध्याकाळपर्यंत सकाळचंही शिळं व्हायला लागलं. मी हात जोडले, तर म्हणाल्या, "थांब रे भाऊ, विलायत गाठायला अजून तीन हंडे कमी पडताहेत."

रागवावं तर कोणत्या तोंडाने?

रविवारी नाना आले. चहाला नको म्हणाले, सरळ मोरीत गेले आणि नळ सोडला. नळ फुसफुसला, दोनदा खाकरला आणि गप्प झाला.

"नळ ते शे," नाना म्हणाले. "पानी कोठे शे?"

"नाना, त्याचं असं आहे, विलायतेत…"

तेवढ्यात अक्का माझी बाजू घ्यायला धावत आल्या. "पाहुणे, गल्लीची टाकी रिकामी झाली म्हणून नाव ठेवू नका. अख्खी गल्ली विलायतेच्या बरोबरीला आली आहे. यानेच तर शिकवलं सगळ्यांना."

नानांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला दरदरून घाम फुटला. त्या दिवशी घरात तेवढंच काय ते ओलं होतं. पोरगी हातची गेली, या विचाराने रडू यायचं बाकी राहिलं.

"पोरले इचारस," एवढंच बोलून नाना गेले.

त्यांनी घरी हे सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणे पोट धरधरून हसली आणि म्हणाली, करीन तर याच्याशीच.

लग्न झालं. रुखवतात लाडू-करंज्यांच्या मधोमध एक नवाकोरा पोहरा आणि त्याला बांधलेला लांबलचक दोर मांडला होता. पोरीला माहेरच्या विहिरीची आठवण म्हणून दिला असणार, या कल्पनेने मला भरून आलं. मी नानांचे हात धरले. "नाना, शब्द देतो, तिला आता पाणी ओढायला लागणार नाही."

"माले माहीत शे, जवाईबापू," नाना म्हणाले. "तो दोर तिनाकरता नहीच शे. तुमनाकरता शे."